सत्तावीस सेकंद

“मग ती परत का येत नाही, मास्तर?”

अच्युत मळगावकरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

नरहरमास्तर अंगणात उकिडवे बसून वाळत घातलेल्या सुपाऱ्या हाताने उलटसुलट करत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे मास्तर, अंगात बनियन, कमरेला पंचा. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण येत नाही?”

“ती शांतता.”

“हं...”

मास्तरांनी दोन किडक्या सुपाऱ्या बाजूला काढल्या आणि पुन्हा कामाला लागले.

अच्युत पायरीवर बसून राहिला. काल दुपारी तो मुंबईहून गाडी घेऊन निघाला होता. सावंतवाडीत मुक्काम केला आणि सकाळी नऊलाच परुळ्याजवळच्या या वाडीत पोहोचला. या घरी तो अकरा वर्षांनी आला होता. वाटेत दोनदा लोकांनी गाडी थांबवून त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले होते. इथे मास्तरांनी त्याला फक्त एवढंच विचारलं होतं, “वाटेत खड्डे होते का फार?”

मास्तर म्हणजे जुन्या नाटक कंपनीचे तालीममास्तर. नटांना उभं राहायला, चालायला, बोलायला शिकवणारे. अच्युत एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याला धड पाणी मागता येत नव्हतं, इतका तो बुजरा होता. मास्तरांनी त्याला सहा वर्षं घडवलं. मग मुंबई झाली, सिनेमा झाला. आधी खलनायकाचा उजवा हात, मग खलनायक, मग फौजदार, मग नायिकेचा बाप. मालिकेतल्या एका करारी न्यायाधीशाने त्याला घराघरांत नेऊन बसवलं. तीस वर्षं त्याला कुणाला स्वतःचं नाव सांगावं लागलं नव्हतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तो रंगभूमीवर परतला. त्यासाठी त्याने मास्तरांचंच जुनं नाटक निवडलं.

बारा वर्षं बोटीवर राहिलेला एक खलाशी घरी परततो, त्याची ती गोष्ट. बायको दारात उभी असते, हातात ताट घेऊन. बारा वर्षांत एक पत्र न पाठवणाऱ्या नवऱ्याला ती एवढंच विचारते, “जेवून आलात, की वाढू?” त्यावर खलाशाचं लांबलचक भाषण आहे. ते भाषण मास्तरांनी तीस वर्षं गाजवलं होतं. समोर बायकोच्या कामात असायच्या त्यांच्याच पत्नी, माई.

अच्युतनेही भाषण गाजवलं. पहिल्या वीस प्रयोगांत त्या भाषणावर टाळ्या पडल्या.

एकविसावा प्रयोग रत्नागिरीला होता, आणि तिथेच ते घडलं.

“मी थांबलो, मास्तर. तिने विचारलं, आणि मी बोललोच नाही. सत्तावीस सेकंद. कुणीतरी फोनवर टिपलंय, त्यावरून मोजलं. सबंध थिएटर श्वास धरून बसलं होतं. मग मी नुसता खाली बसलो... आणि लोक उठून उभे राहिले.”

“बरं.”

“पेपरात छापून आलं. मोठमोठ्या लोकांचे फोन आले. तरुण पोरांसाठी मी शिबिर घेतलं, शांततेवर.”

“शिबिर घेतलंस?”

“तीन दिवसांचं.”

मास्तरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती, नुसतं कुतूहल होतं.

“आणि मग?”

“मग पुढच्या प्रयोगापासून ती आलीच नाही. मी तसाच थांबतो. तीच जागा, तीच मान, तेवढेच सेकंद. साताऱ्यात लोक खोकायला लागले. पुण्यात तर एकाने मागून वाक्य सांगितलं मला. त्याला वाटलं, मी विसरलो.”

अच्युत थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “खरी गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.”

मास्तरांनी आणखी एक सुपारी उलटवली.

“रत्नागिरीला मी खरोखरच विसरलो होतो, मास्तर. एकही शब्द आठवेना. सगळं कोरं. ज्या गोष्टीसाठी माझं एवढं नाव झालं... ती चूक होती.”

“बरं झालं,” मास्तर म्हणाले.

“काय बरं झालं?”

“विसरलास ते.”

अच्युतला राग आला. रविवारी पन्नासावा प्रयोग होता. तोही असाच गेला तर नाटक बंद करायचं आणि पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आपली अडचण ऐकून मास्तर काहीतरी युक्ती सांगतील, निदान दोन शब्द धीराचे बोलतील, असं त्याला वाटत होतं. त्याने खिशातून फोन काढला आणि रत्नागिरीचा तो तुकडा लावून त्यांच्यासमोर धरला.

मास्तरांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. उन्हात त्यांना काही दिसलं की नाही, कोण जाणे.

“बायकोच्या कामात कोण आहे ही?”

“नवी मुलगी. आधीची मालिका मिळाली म्हणून सोडून गेली. हिचा तो पहिलाच प्रयोग होता.”

“नाव काय तिचं?”

“ऋजुता...” अच्युत अडखळला. “की ऋतुजा. ऋतुजाच असावं.”

“किती प्रयोग झाले तिच्याबरोबर?”

“एकोणतीस.”

मास्तरांनी फोन परत दिला आणि सुपाऱ्यांकडे वळले.

तेवढ्यात आतून माई बाहेर आल्या.

अच्युत पटकन उठला. माईंची तब्येत बरी नाही, त्यांना आठवत नाही, असं त्याच्या कानावर चार वर्षांपूर्वी आलं होतं. जाऊन यायला हवं, असं तो प्रत्येक गणपतीत म्हणायचा. कंपनीत आला तेव्हा पहिल्या रात्री आपल्या वाट्याची भाकरी त्याला देणारी ही बाई. तेव्हा त्यांच्या अंबाड्यावर अबोलीचा वळेसर असायचा. आता केस पांढरे झाले होते, पण वेणी नीट घातलेली होती. ती मास्तरांनी घातली असणार, कारण पेड जरा वाकडे होते.

तो पाया पडला. माईंनी त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. मग चेहरा एकदम उजळला. पाठ ताठ झाली. दोन्ही हात पुढे आले, जणू हातात काही आहे. स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, “जेवून आलात, की वाढू?”

अच्युत दोन पावलं मागे सरला.

“एवढंच उरलंय तिच्यापाशी,” मास्तर म्हणाले. “बाकी सगळी नाटकं गेली. मुलाबाळांची नावं गेली. हे एक वाक्य राहिलं. पोस्टमनला विचारते, डॉक्टरला विचारते, दारात कावळा बसला तर त्यालाही विचारते.”

मग ते हात झटकून उठले, माईंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, आता कुठे दहा वाजतायत. थोड्या वेळाने वाढ. तू ये बस सावलीत.”

माई हसल्या आणि बसल्या.

पाच मिनिटांनी त्यांनी तेच विचारलं. मास्तर म्हणाले, “पेज शिजतेय. झाली की वाढ.” त्यानंतर पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “भूक तर लागलीय बघ. केलंयस काय?” त्यावर माई विचारात पडल्या.

अच्युत बघत होता. तासाभरात त्याने आठ वेळा तो प्रश्न ऐकला. आठही वेळा मास्तर काम थांबवून माईंकडे वळले. एकदाही त्यांनी पाठमोरं उत्तर दिलं नाही.

“कंटाळा येत नाही, मास्तर? रोज तेच?”

“तिने आत्ताच तर विचारलं,” मास्तर म्हणाले.

साडेअकराला ते स्वयंपाकघरात गेले. चुलीवर उकड्या तांदळाची पेज होती, पाट्यावर लसणीची चटणी वाटायची होती. त्यांनी अच्युतला आत बोलावलं आणि एक पाट मांडला.

“आज तू बस.”

“म्हणजे?”

“ती आपलं आपण जेवत नाही. कुणीतरी घरी यावं लागतं. त्याला तिने वाढायचं, तो जेवायला बसला की मग ती घास घेते. तो आलाय, हे तिला पटलं पाहिजे. नाही पटलं, तर दिवसभर उपाशी राहते. रोज मी येतो. आज तू ये.”

अच्युत मनातून सुखावला. याहून सोपं काय असणार? वाक्य तेच, भूमिका तीच, आणि समोर खुद्द माई.

तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि पुढच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर जणू पडशी आहे, असा झुकून. माई समोर आल्या. हातात रिकामी ताटली होती.

“जेवून आलात, की वाढू?”

अच्युतने छाती भरून श्वास घेतला. “भूक? भुकेला तर मी बारा वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर बसवून गेलो होतो. अजून इथेच आहे का ती, माझी वाट बघत? समुद्राला विचार, त्याने मला काय काय खायला घातलं...”

आवाज घरभर घुमला. पाट्यावरचा वरवंटा थांबला. अच्युतला वाटलं, मास्तर ऐकतायत. त्याने शेवटचं वाक्य जरा जास्तच सावकाश घेतलं.

माईंनी भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मागे वळून पाहिलं. भिंतीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हळूच विचारलं, “अहो, हा कुणाशी बोलतोय?”

आत वरवंटा पुन्हा फिरू लागला.

माईंनी ताटली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या.

अच्युत आत गेला. कान तापले होते.

“त्या मला ओळखत नाहीत, मास्तर. आवाजाने घाबरल्या असतील.”

“असेल,” मास्तर म्हणाले.

“पुन्हा येऊ?”

“ये की.”

या वेळी त्याने भाषण गाळलं. हलक्या पावलांनी आला, गुडघ्यावर बसला. माईंनी विचारलं, तेव्हा तो थांबला. डोळे भरून आणणं हा त्याच्या हातचा मळ होता. कॅमेऱ्यासमोर त्याला कधी ग्लिसरीन लागलं नव्हतं. उजव्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “वाढ...”

मनात कुठेतरी आकडे चालूच होते. सोळा, सतरा, अठरा...

माई त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. “तो नाही आला,” त्या म्हणाल्या. “अजून नाही आला. हा दुसराच कोणी आहे.”

त्या उठून कोपऱ्यात जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून.

साडेबारा वाजले. पेज दोनदा गरम करून झाली. मास्तरांनी एकदाही घाई केली नाही, की “सर बाजूला, मी येतो,” असंही म्हटलं नाही. ते चटणी वाटून झाल्यावर पाटा धुवायला बसले.

अच्युत दारातच उंबऱ्यावर टेकला. त्याला आता काही सुचत नव्हतं. एवढ्या वर्षांत अनेक दिग्दर्शकांनी त्याला झापलं होतं. पडेल सिनेमे त्याने पचवले होते. पण आज एका विसरभोळ्या म्हातारीने त्याला खोटं ठरवलं होतं. त्याहून वाईट याचं वाटत होतं की तिला भूक लागली होती. तिचा हात पोटावर होता. आपल्यामुळे ती उपाशी आहे, एवढंच त्याला दिसत होतं.

सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. मास्तर, मला नाही जमत. तुम्हीच या.

तेवढ्यात माई उठल्या. मास्तर पाट्यावर वाकलेले होते, त्यांची पाठ होती. माईंनी स्वतःच ओगराळ्याने ताटलीत पेज घेतली. काठोकाठ घेतली. दोन्ही हातांनी ताटली धरून त्या दाराकडे चालू लागल्या. मागच्या सगळ्याचा त्यांना विसर पडला होता. पाठ ताठ होती, पण ताटलीतली पेज डचमळत होती.

“जेवून आलात...”

अच्युतने वर पाहिलं. माईंचा उजवा अंगठा पेजेत बुडालेला होता. पेजेतून वाफा येत होत्या. अंगठा लाल झाला होता, आणि तो बाहेर काढायचा असतो हे त्यांना उमगत नव्हतं. चेहऱ्यावर मात्र दारात आलेल्या माणसासाठी हसू होतं.

“...की वाढू?”

तो उठला. ताटली त्यांच्या हातातून काढून खाली ठेवली. त्यांचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा आपल्या रुमालाने टिपला आणि त्यावर फुंकर घालत राहिला. पुढे काय म्हणायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. हात फार हलका होता. नखांत पिठाचे कण होते. मनगटावर एक जुना डाग होता. कंपनीत असताना स्टोव्ह भडकून भाजलं होतं, त्याचा. तेव्हा तो तिथेच होता. तेव्हाही त्याने अशीच फुंकर घातली होती, हे त्याला आत्ता आठवलं.

बाहेर माडाच्या झावळ्या हलत होत्या. लांबून एसटी गेली.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक...

माईंनी दुसरा हात त्याच्या गालावर ठेवला.

“दमून आलात,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य नाटकात नव्हतं.

त्यांनी त्याला पाटावर बसवलं. चटणी वाढली. तो एक घास जेवला, तशा त्याही समोर बसल्या आणि सावकाश पेज पिऊ लागल्या. चमचाही नीट धरला. मध्येच त्याच्या ताटलीत डोकावून बघत होत्या, संपली का म्हणून. मास्तर दाराच्या चौकटीला टेकून पाहत होते. त्यांनी पंचाने हात पुसले. मग डबीतलं तूप आणून माईंच्या अंगठ्याला लावलं आणि काही न बोलता तिसरा पाट मांडून आपणही जेवायला बसले.

जेवण झाल्यावर माई झोपल्या.

दोघं ओसरीवर आले. अच्युत पायरीवर टेकला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “रत्नागिरीला त्या पोरीच्या हातातलं ताट थरथरत होतं, मास्तर. वाटी ताटावर वाजत होती. पहिलाच प्रयोग तिचा. मला वाटलं, आता पडणार हिच्या हातून... मी ताटाकडे बघत राहिलो. आणि माझं वाक्य गेलं.”

त्याने मान वर केली.

“आता नाही थरथरत. आता ती छान उभी राहते.”

“तू बघितलंस?”

अच्युत आठवू लागला. एकोणतीस प्रयोगांत ती कशी उभी राहते, हे त्याला खरंच सांगता येईना. तो आकडे मोजत असायचा.

उन्हं कलायला लागली. त्याला निघायला हवं होतं. त्याने मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी नेहमीसारखी पाठीवर थाप मारली. गाडीपर्यंत सोडायला मात्र ते आले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

गाडीत बसताना अच्युत पुन्हा थांबला. ओठांवर आलेला प्रश्न त्याच्याच्याने गिळवेना.

“मास्तर, एकच सांगा. रविवारी त्या जागी मी काय करू? बोलू, की थांबू?”

मास्तरांनी गाडीचं दार हळूच लावून दिलं.

“प्रयोगाआधी ती पोर जेवलीय का, ते बघ.”